पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला ‘मोठा श्वास घे’ म्हणू नका, प्लीज

नमस्कार मंडळी! मागे कुकर लावलाय, तीन शिट्ट्या व्हायच्यात. मध्येच आवाज आला तर दचकू नका. आणि दचकलात, तर आजचा व्हिडिओ तुमच्याचसाठी आहे.

झालं काय, की मागच्या महिन्यात कढीपत्त्याच्या कुंडीचा व्हिडिओ केला होता, त्यात मी बोलता बोलता म्हणून गेले की मला पॅनिक अटॅक येतात. एकच वाक्य. खाली कढीपत्त्याबद्दल दोन प्रश्न, बाकी सगळे “ताई, मला पण होतं हे”, “ताई, यावर बोला ना”. म्हटलं, बोलू. कढीपत्त्याला आंबट ताक घाला, तो विषय संपला.

पॅनिक अटॅक म्हणजे काय, हे बहुतेकांना माहितीये, पटकन सांगते. अचानक धडधड, घाम, थरथर, छातीत कोंडल्यासारखं, चक्कर, बोटांना आणि ओठांना मुंग्या, आणि “मी आता मरणार” किंवा “मला आता वेड लागणार” याची अगदी खात्री. साधारण दहा मिनिटांत कळस होतो, मग हळूहळू उतरतं. चोर आलेला नसतो, पण घंटा मात्र बोंबलत असते. झालं.

नाही, एक गोष्ट राहिली आणि ती घाईत सांगायची नाही. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर “त्या ताईने सांगितलंय, हे पॅनिकच” असं घरच्या घरी ठरवायचं नाही. डॉक्टरकडे जा, ईसीजी काढा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, त्यांच्या गडबडीतही धडधडतं. ते सगळं नीट निघालं, तर पुढचं ऐका.

माझं सुरू झालं २०१७ मध्ये. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा. तेव्हा आमच्या फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा तसा केवढासा, सव्वा-दीड किलोमीटर. रोजचाच. पण त्या दिवशी गाडी आत शिरली आणि थांबली. सिग्नल. पंखा बंद, माझ्या खांद्यावर कुणाचीतरी पर्स, आणि मला वाटलं, इथली हवा संपली.

समोरच्या काकू म्हणाल्या, “मोठा श्वास घे गं बाळा, मोठा.” त्यांच्या पाठोपाठ चौघी-पाचजणी. सगळा डबा मला श्वास घ्यायला लावतोय! मी आज्ञाधारक. घेतला. अजून घेतला. जितका घेतला तितकं गरगरलं. शेवटी हाताची बोटं आखडून कोंबडीच्या पायासारखी झाली. ठाण्याला मला धरून उतरवलं. एका हॉस्पिटलात ईसीजी काढला, नॉर्मल. “गॅसेस झाले असतील, टेन्शन घेऊ नका.” पित्ताची गोळी घेऊन घरी. सहा महिन्यांत तीन ईसीजी आणि एक टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. सगळे नॉर्मल, आणि मी अजिबात नॉर्मल नाही.

त्या काकूंवर माझा राग नाही हं. पाणी त्यांनीच दिलं. पण मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा डॉक्टरांनी मला दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं, “श्वास घेताय ते दिसतंय. सोडताय कधी?”

आजचा व्हिडिओ एवढाच आहे. सोडताय कधी?

कसं होतं बघा. घाबरलो की आपण आधीच भराभर, गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. आपल्याला शाळेपासून वाटतं, तो म्हणजे घाण वायू, गेला तर बरंच. तसं नाहीये. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताचा आम्लपणा बदलतो, त्यातल्या मोकळ्या कॅल्शियमवर परिणाम होतो, म्हणून मुंग्या आणि आखडलेली बोटं. आणि अशा माणसाला तुम्ही सांगताय, अजून मोठा श्वास घे!

पटत नाही? बरं, कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल. मी अटॅकमध्ये लावून बघितलाय. आकडा ९९. मी “हवा पुरत नाही, हवा पुरत नाही” करतेय आणि मशीन म्हणतंय ९९. म्हणजे प्राणवायूची टंचाई नव्हतीच, कारभार बिघडला होता. (पण हे एकदा बघायचं. मी नंतर दिवसात चाळीस वेळा लावायला लागले. त्यावर येते.)

अजूनही नाही पटलं? मग माझ्याबरोबर करा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर नुसतं बघा. छाती भरून श्वास घ्या. सोडू नका. त्यावर अजून थोडा घ्या. अजून एक घोट. आता वाटतंय ना कोंडल्यासारखं? छाती हवेने गच्च भरलीये आणि तरी गुदमरतंय. डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. गाडी आली, डबा खच्चून भरलाय, आणि तुम्ही म्हणताय, चढू द्या. अहो, आधी उतरू द्या!

तर श्वास आधी उतरू द्यायचा. नाकाने छोटासा घ्या, मनात तीन मोजा. मग बशीतला चहा गार करताना फुंकतो तसा हलका, लांब सोडा, सहा मोजा. जोर नाही लावायचा, चहा बशीबाहेर सांडता कामा नये. पुन्हा छोटा घ्यायचा, लांब सोडायचा. आणि सिनेमात दाखवतात ती कागदी पिशवी तोंडाला लावू नका. त्रास खरंच दम्याचा किंवा हृदयाचा असला तर ती महागात पडेल.

आता कमेंट. एक दादा प्रत्येक व्हिडिओखाली लिहितात, “कांदा हुंगा.” दादा, कढीपत्त्याखालीही तुम्ही हेच लिहिलं होतंत. दुसरी मोठी फौज, “प्राणायाम करा”. करा ना, मी नाही कुठं म्हणते? पण भर अटॅकमध्ये भस्त्रिका आणि कपालभाती नको, त्यात श्वास भराभरच चालतो. भ्रामरी चालेल, कारण गुणगुणताना श्वास लांबवर सुटतो. माझी आजी जीव घाबरला की मोठ्याने मारुतीस्तोत्र म्हणायची. मी कॉलेजात असताना हसायचे तिला. पण म्हणताना श्वास बाहेरच जात असतो ना! देव मानत नसाल तर एकोणतीसचा पाढा म्हणा. मोठ्याने, सावकाश. चुकला तरी चालेल, सगळ्यांचाच चुकतो.

आता खरी गोची सांगते. हे फुंकणं जमल्यावर मला वाटलं, जिंकलो. मग मी सारखी फुंकतच बसायला लागले. जरा धडधडलं की फुंक. पर्समध्ये ऑक्सिमीटर, पाण्याची बाटली, पित्ताची गोळी. फास्ट सोडून दिली, स्लोने जायचे, प्रत्येक स्टेशनला उतरता येईल म्हणून. दोन वर्षं! रोजचा जास्तीचा वेळ तुम्हीच मोजा.

समुपदेशक बाई म्हणाल्या, हे सगळे टेकू. टेकू लावत राहिलीस तर भिंत आपली आपण उभी राहते हे तुला कधी कळणारच नाही. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे चक्र मांडलं. धडधड होते, आपण तिचा अर्थ लावतो “मेलो”, त्या अर्थाने अजून धडधडतं. चक्र तोडायचं ते त्या अर्थापाशी. म्हणून बाईंनी मला काय करायला लावलं? खुर्चीत गोल गोल फिरवलं. जिने पळत चढायला लावले. पैसे देऊन मी चक्कर आणून घेत होते! आईला सांगितलं तर ती म्हणाली, जत्रेत स्वस्तात झालं असतं. पण चक्कर आली, गेली, मी मेले नाही, आणि हे शरीराला वीस वेळा दाखवल्यावर ते थोडं ऐकायला लागलं. हे जाणकाराबरोबरच करायचं हं, स्वतःच्या मनाने नाही.

मग फास्ट. आधी रविवारी बहिणीबरोबर ठाण्यापर्यंत. मग रविवारी एकटी. मग गर्दीची सोडून दुपारची. बाटली घरी ठेवून जायला मात्र चार महिने लागले, ती सगळ्यात अवघड.

औषधांचं विचारता ना? मीही घेतली, दीड वर्ष. रोजच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात, दहाव्या दिवशी “काही उपयोग नाही” म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. आणि शेजारच्या काकांची झोपेची गोळी घेऊ नका! त्यातल्या काहींची सवय लागते. या एका गोष्टीवरून माझं मामाशी भांडण झालंय.

आणि समोरच्याला अटॅक आला तर? गर्दी हटवा, शेजारी बसा. “मी इथंच आहे, थोड्या वेळात उतरेल” एवढं म्हणा. “काही नाही झालेलं, उगाच घाबरतेस” नको. आणि मोठा श्वास… कळलं ना?

कुणाकडे जायचं सुचत नसेल तर टेलि-मानस, १४४१६. सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

मला अजूनही येतात का? येतात. गेल्या गणपतीत आरतीच्या मध्येच आला. टाळ हातात, धूप डोळ्यात. मी मागे सरकले नाही, तिथंच उभी राहून आरती म्हणत राहिले. ताल चुकला, एवढंच… थांबा, चौथी शिट्टी झाली? डाळीचं पिठलं होणार आता. जाते मी. आणि कांदावाले दादा, आज काय लिहिताय बघतेच.