कुणाला किती डोक्यावर घ्यायचं? रॅपमधल्या गुणपत्रिकांविषयी

मित्रहो, अमुक रॅपरला उगाच डोक्यावर घेतलंय का, हा वाद जुना आहे, म्हणून जुन्या जागेपासूनच सुरुवात करतो.

डिसेंबर १९८१. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘हार्लेम वर्ल्ड’ नावाचा क्लब होता. नाताळच्या सुमाराला तिथे रॅपर्सची चढाओढ ठेवली होती. बिझी बी हा तेव्हा सगळ्यांचा लाडका एमसी, म्हणजे माइक हातात घेऊन रॅप म्हणणारा. गर्दी कशी पेटवायची हे त्याला पुरेपूर कळायचं. तो हाक द्यायचा आणि सगळा क्लब ओरडून ओ द्यायचा. त्या रात्रीही त्याने तेच केलं, वर आपल्यापुढे कुणी टिकत नाही अशी बढाईही मारली. मग कूल मो डी मंचावर आला. त्याने बिझी बीची एकेक खोड यमकात बसवून त्याच्या तोंडावर फेकली. त्या सगळ्याचा सूर एकच होता: लोकांना ओरडायला लावतोस ते ठीक, पण तू स्वतः म्हणतोस काय? या सामन्याचं रेकॉर्डिंग कॅसेटवर उतरून हातोहात फिरलं.

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी तोवर हिप-हॉपकडे नीट वळूनही पाहिलं नव्हतं. ‘मेनस्ट्रीम’ (बाजारात गाजणारा) आणि ‘अंडरग्राउंड’ (त्याबाहेर राहणारा) असे दोन तट पडण्याआधीच, ‘याला उगाच डोक्यावर घेतलंय’ हे वाक्य या कलेत भर मंचावर बोललं गेलं. त्यामुळे आज कुणी एखाद्या रॅपरला ओव्हररेटेड म्हटलं की मला त्यात उद्धटपणा वाटत नाही. ती या कलेची रीतच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण गुण देतो ते बहुतेक वेळा मोजता येणाऱ्या गोष्टींना देतो. खप, शब्दसंख्या, वेग, यमकांची दाटी, आणि अंडरग्राउंडमध्ये तर पैशाला नाही म्हटल्याचेही गुण मिळतात. आवाज बीटवर कुठे टेकतो, कुठे किंचित मागे रेंगाळतो, श्वास कुठे घेतो, हे मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही. माझ्या मते रॅप तिथेच घडतो.

गुणांची भाषा मी उगाच आणलेली नाही. १९८७ साली त्याच कूल मो डीने आपल्या अल्बमच्या आतल्या वेष्टनावर खरोखरीची गुणपत्रिका छापली. शब्दसंग्रह, उच्चार, आवाज, मंचावरचा वावर असे रकाने, आणि समकालीन रॅपर्सना त्यात गुण. स्वतःला त्याने ए प्लस दिला. पण त्यात आवाजाचा रकाना होता, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. पुढे लोकांनी केलेल्या याद्यांमधून पहिल्यांदा तो रकानाच गळला.

आता मेनस्ट्रीमकडे येतो. हिप-हॉपचं पहिलं मोठं व्यावसायिक गाणं १९७९ सालचं, शुगरहिल गँगचं. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते ३६व्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्यात गँगमधल्या बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या होत्या. हँक कॅझच्या गटाचं व्यवस्थापन बघायचा, त्याच्या वहीतलंच त्याने उचललं. इतकं जसंच्या तसं, की स्वतःची ओळख सांगताना तो चक्क कॅझच्या टोपणनावाची अक्षरं एकेक करून म्हणतो. गाणं जगभर गेलं आणि कॅझचं नाव श्रेयात आलं नाही. ओव्हररेटेड या शब्दाला अक्षरशः लागू पडेल असं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. हँक वाईट बोलला नाही, त्याचा आवाज भरदार आहे. पण जगाने ज्याचे गुण त्याला दिले, ते लेखन दुसऱ्याचं होतं.

म्हणून ड्रेकचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. २०१५ मध्ये मीक मिल या रॅपरने उघड आरोप केला की ड्रेकच्या ओळी क्वेंटिन मिलर लिहून देतो. लगेच दोन बाजू झाल्या. एक बाजू म्हणाली, लिहून घेतलं म्हणजे संपलाच. दुसरी म्हणाली, मग काय झालं? जे-झीने डॉक्टर ड्रेसाठी लिहिलंच ना? लिहिलं, १९९९ मध्ये, आणि तेही ड्रेचं सगळ्यात ओळखीचं गाणं. पण ड्रेला आपण त्याच्या ओळींसाठी मान देतच नाही. बीट्ससाठी देतो, ध्वनीच्या रचनेसाठी देतो. ड्रेकची मागणी वेगळी आहे, त्याला पहिल्या पाच एमसींत जागा हवी. माझं मत स्पष्ट सांगतो. सुरावट आणि रॅप यांच्या मधल्या प्रदेशात ड्रेकने जे केलं त्याचा प्रभाव आजच्या जवळजवळ प्रत्येक गाण्यात ऐकू येतो आणि त्याचं श्रेय त्याला पूर्ण मिळायला हवं. एमसी म्हणून मात्र तो ओव्हररेटेड आहे. त्याच्या कडव्यांत आवाजाची धार एकाच पातळीवर राहते, आणि ओळ संपते तिथे ती सापडली असं न वाटता ठेवली असं वाटतं. २०२४ मध्ये रॅपर केंड्रिक लमारने गाण्यांच्या भांडणात त्याला हरवलं, आणि त्याच्यावर तुटून पडणाऱ्या त्या गाण्याला, म्हणजे डिस ट्रॅकला, पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी मिळाले. तरी माझं मत त्यामुळे बनलेलं नाही. ते दहा वर्षांपूर्वीही हेच होतं. एका भांडणातल्या पराभवाने पंधरा वर्षांचं काम रद्द झालं असं म्हणणं हाही मोजणीचाच एक प्रकार आहे.

ग्रॅमीचं तर सोडाच. २०१४ मध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमचा पुरस्कार केंड्रिकला डावलून मॅकलमोर आणि रायन लुईस या जोडीला मिळाला, आणि खुद्द मॅकलमोरने केंड्रिकला संदेश पाठवून हा तुझ्यावर अन्याय झाल्याचं कळवलं. यात गमतीचा भाग असा, की मॅकलमोर मोठ्या कंपनीच्या कराराशिवाय वर आलेला माणूस होता. ‘स्वतंत्र’ असणं म्हणजे अंडरग्राउंड असणं, हे समीकरण तिथेच मोडायला हवं होतं.

एमिनेमविषयी बोलताना मला त्रास होतो, कारण २००० सालचा त्याचा अल्बम मी मनापासून मानतो. त्या अल्बमची पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत साडेसतरा लाखांच्या वर विक्री झाली, आणि यावेळी गर्दी बरोबर होती. त्यातला आवाज घाबरवतो, हसवतो, रडवेला होतो, एका ओळीच्या आत पात्र बदलतो. पुढे २०१३ मध्ये सहा मिनिटं चार सेकंदांच्या गाण्यात १,५६० शब्द म्हटल्याचा गिनेस विक्रम त्याच्या नावावर लागला. त्यानंतर चर्चा सुरू झाली ती वेगाची. सेकंदाला किती अक्षरं? मी ती गाणी ऐकतो तेव्हा थक्क होतो, पण मला कुणीही काहीही सांगत नसतं. नंतरचा एमिनेम ओव्हररेटेड आहे तो त्याच्या विक्रमांमुळे, आणि आपण टाळ्याही त्या विक्रमांनाच वाजवतो.

आता दुसरा तट. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझं घर तिथे आहे आणि घरच्यांशी कडक बोलावं लागतं.

अंडरग्राउंडवाल्यांचा आवडता दाखला म्हणजे २००३ मध्ये जे-झीने दिलेली कबुली. श्रोत्यांसाठी मी पातळी उतरवली आणि कमाई दुप्पट केली, कौशल्य विकलं जात असतं तर मी (अंडरग्राउंडच्या) टलिब क्वेलीसारखं लिहिलं असतं, अशा आशयाच्या त्या ओळी. आम्ही त्या वर्षानुवर्षं पुरावा म्हणून नाचवल्या: पाहा, तोच म्हणतोय, खरी कला आमच्याकडे. पण त्या ओळी ऐका तरी कशा आहेत! सहज, विनाप्रयत्न, बीटवर अंग टाकून बसलेल्या. पातळी उतरवल्याची कबुली देणारा माणूस त्याच क्षणी बहुतेकांच्या वर आहे. आणि आमचं ‘स्वतंत्र’ घर तरी किती स्वतंत्र होतं? नव्वदच्या दशकाच्या शेवटी अंडरग्राउंडचा झेंडा ज्या रॉकस रेकॉर्ड्सने उचलला, तिथे ‘कंपनी फ्लो’ हा गट आला, मॉस डेफ आणि क्वेली आले. त्या कंपनीमागे पैसा होता जेम्स मर्डॉकचा, म्हणजे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या मुलाचा. त्यामुळे तिथली गाणी कमअस्सल होत नाहीत, मी ती आजही ऐकतो. गरिबीचे आणि निष्ठेचे जे जादा गुण आम्ही देत होतो, तेवढेच परत घ्यावे लागतात.

इमॉर्टल टेक्निक या रॅपरला आम्ही असेच जादा गुण दिले. त्याने आपल्या सीडी रस्त्यावर उभं राहून स्वतः विकल्या, मोठ्या कंपन्यांना नकार दिला, साम्राज्यवादावर आणि तुरुंगांवर बोलला. माणूस म्हणून मला तो मोठा वाटतो. पण २००३ चा त्याचा दुसरा अल्बम लावून फक्त ताल ऐका. ओळीमागून ओळ त्याच जागी आपटते, यमक नेहमी शेवटच्याच मात्रेवर, आवाजाची चढ-उतार जवळजवळ नाही. विषय वजनदार म्हणून आम्ही गाणं वजनदार मानलं.

माझी सगळ्यात मोठी चूक डीएमएक्सच्या बाबतीत झाली. मॅट डॅनियल्स या विश्लेषकाने २०१४ मध्ये प्रत्येक रॅपरचे पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यात वेगळे शब्द किती, हे मोजलं. अंडरग्राउंडचा एसॉप रॉक सात हजारांच्या वर जाऊन पहिला आला. तळाला, तीन हजारांच्या थोडं वर, डीएमएक्स. तो तक्ता पाहून मला आनंद झाला होता. १९९८ या एकाच वर्षात या माणसाचे दोन अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आले होते, आणि मला वाटलं, हे घ्या, सिद्ध झालं. २०२१ मध्ये तो गेला तेव्हा मी त्याच्या प्रार्थना पुन्हा ऐकल्या. अल्बमच्या मधेच बीट थांबते आणि तो देवाशी बोलतो. शब्द साधे, पुन्हा पुन्हा तेच. त्या घोगऱ्या आवाजात आळवणी आणि धमकी एकत्र असतात, आणि त्याचा श्वास तुटतो तिथे शब्दाची गरजच उरत नाही. तीन हजार शब्द त्याला पुरले. मी वीस वर्षं त्याला नीट ऐकलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुखवटा घालून गाणाऱ्या एमएफ डूमबद्दल मला नेहमी विचारतात. मुखवट्यामुळे त्याचा उदोउदो होतो का? काही प्रमाणात होतो. पण त्या मुखवट्यामागे १९९३ मध्ये अपघातात गेलेला भाऊ आहे, कंपनीने दाबून ठेवलेला अल्बम आहे, आणि परत उभं राहायला लागलेली वर्षं आहेत. मला मात्र सांगायचंय ते २००४ मधल्या, बीट्स रचणाऱ्या मॅडलिबबरोबर केलेल्या अल्बमविषयी. त्याची कच्ची प्रत वर्षभर आधीच बाहेर फुटली होती. डूमने मग बराच भाग पुन्हा म्हटला. शब्द बहुतेक तेच, यमकं तीच, बार (तालाची आवर्तनं) तेवढेच. फुटलेल्या प्रतीत आवाज चढा आहे, उत्साही आहे, श्रोत्याला काहीतरी पटवू पाहतोय. प्रसिद्ध झालेल्या प्रतीत तो खाली उतरलाय, संथ झालाय, बीटच्या मागे अर्धं पाऊल चालतोय, जणू खोलीत दुसरं कुणी नाही. कुठल्याही मोजणीत या दोन प्रती सारख्याच ठरतील. पण एक चांगली आहे आणि दुसरीला लोक वीस वर्षं विसरू शकलेले नाहीत. डूम ओव्हररेटेड आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्याला या दोन प्रती पाठोपाठ ऐकवतो.

रकीमच्या वेळीही हेच झालं होतं. १९८६ मध्ये पहिल्या रेकॉर्डिंगला तो शांतपणे बसून म्हणत होता, आणि स्टुडिओतल्या जाणत्यांना वाटलं की यात जोर नाही. जोराचीच सवय झालेल्या कानांना तो थंडपणा पुढचा रॅप कसा असेल हे सांगत होता.

एक गोष्ट राहिली, आणि ती यादी करणाऱ्यांविषयी आहे. रॉक्सॅन शांते १९८४ मध्ये, चौदा वर्षांची असताना, क्वीन्सब्रिजच्या वस्तीतून आली आणि दुसऱ्यांच्या गाण्याला तिने दिलेल्या एका उत्तराने रॅपमध्ये उत्तर-प्रत्युत्तरांची साखळी सुरू झाली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या मोठ्या स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि हरली. एका परीक्षकाने तिला फार कमी गुण दिले होते. शांतेने नंतर अनेकदा सांगितलंय, की नव्या कलेची सर्वश्रेष्ठ व्यक्ती म्हणून एक मुलगी पुढे येणं त्याला परवडणारं वाटलं नाही. समोर जिंकला तो बिझी बी. होय, हार्लेम वर्ल्डमधलाच.

त्या १९८१ च्या रात्रीचं रेकॉर्डिंग आता लावतो. आवाज खरखरीत आहे, क्लबचा गलबला आहे, काही शब्द कळणार नाहीत. आधी बिझी बी, मग कूल मो डी. लोक म्हणतात तेवढा बिझी बी त्या रात्री खरंच हरला का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या मिनिटात तो गर्दीला कसा हातात घेतो ते ऐका.