एक्का-गुलाम, दोन्ही बदाम

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळच्या घराची पडवी. चटई, पत्त्यांचा जोड, काजूबियांचे ढीग.)

गणपतीच्या जागरणाला कोकणात पत्ते निघतातच. मेंढीकोट, रमी, झब्बू, पार उजाडेपर्यंत. या पडवीत मात्र पोकर मांडलाय. पैसे नाहीत, काजूबिया आहेत. एक बी म्हणजे शंभर चिप्स, पोकरची टोकनं. प्रत्येकापुढे दोनशे बिया, म्हणजे वीस हजारांचा स्टॅक, खेळाडूपुढचा चिप्सचा ढीग. ब्लाइंड, म्हणजे दर डावात दोघांनी आधीच सक्तीने लावायच्या चिप्स, 100-200: स्मॉल 100, बिग 200. टूर्नामेंटचा पहिला तास असतो तसाच हिशेब.

इथले दोघं-तिघं अधूनमधून शिरोडा, आरोंदा करत तेरेखोल नदीवरचा पूल ओलांडतात आणि पणजी गाठतात. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर वय 21 पूर्ण असेल तरच प्रवेश. पुलाच्या अलीकडे, महाराष्ट्रात, 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. पलीकडे गोव्याचा 1976 चा, ज्यात पुढे दुरुस्त्या होऊन बोटींना वाट मिळाली. मोबाइलवर पैसे लावून खेळायचं दार 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं. म्हणून सराव असा, बियांवर.

(दृश्य: दोन पत्ते उलटतात. बदामाचा एक्का, बदामाचा गुलाम.)

हा डाव मुद्दाम लावलेला आहे, हात तगडा असताना सगळं पुढे टाकावं का ते बघायला. आपला खेळाडू बटणावर, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत शेवटी बोलणाऱ्या जागेवर. तो 500 करतो, स्मॉल ब्लाइंड पत्ते टाकतो, बिग ब्लाइंड कॉल देतो, म्हणजे तेवढेच लावतो. पॉट, मधला ढीग, 1,100. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी पटावर उघडलेले पहिले तीन पत्ते, येतो: इस्पिकचा गुलाम, बदामाची सत्ती, बदामाची तिर्री.

टॉप पेअर, म्हणजे पटावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी झाली, सोबत एक्का. वर चार बदाम हातात-पटावर मिळून जमलेत, एक आला की फ्लश, म्हणजे पाचही बदाम, तोही सर्वांत मोठा. मागे बसलेल्या काकांना राहवत नाही: "सगळा टाक मरे! घाबरतंस कित्याक?"

काकांचं अगदीच चुकत नाही. समोर राजांची जोडी असेल आणि त्यात बदाम नसेल, तर नऊ बदाम, तीन एक्के, दोन गुलाम अशी चौदा पानं आपल्या कामाची. दोन पत्ते यायचे बाकी असताना आपण निम्म्याहून किंचित पुढेच असतो. समोर सत्तीचा सेट, म्हणजे हातातल्या दोन आणि पटावरची एक अशा तीन सत्त्या असल्या, तरी दहा वेळा खेळलं तर साधारण तीनदा आपण जिंकतो. इतका धट्टाकट्टा हात फ्लॉपवर रोज लागत नाही. तो चेक करून, म्हणजे काहीच न लावता, झोपवून ठेवण्यात काही अर्थ नाही, लावायलाच हवं.

प्रश्न किती, हा आहे. पॉट 1,100 आणि आपल्यापुढे उरलेत 19,500. जवळजवळ अठरा पट.

(दृश्य: सहा बिया पुढे सरकतात. समोरून वीस येतात.)

आपण 600 लावले, समोरच्याने 2,000 केले. आता ऑल-इन, म्हणजे उरलेलं सगळं टाकलं तर काय होईल? गुलामासोबत हलका पत्ता धरून बसलेला पत्ते टाकून सुटेल. नुसता फुगवून बघणाराही सुटेल. थांबेल तो बहुतेक सेटवाला, दोन जोड्यावाला. म्हणजे 3,700 च्या पॉटसाठी 18,900 पुढे केले, आणि ज्यांच्याकडून चिप्स मिळायच्या त्यांनाच उठवून लावलं. पाहुण्याला दारातूनच निरोप द्यावा, तसं.

कॉलला लागतात 1,400. पॉट होईल 5,100. 1,400 हे त्याच्या साधारण 27 टक्के, म्हणून जिंकण्याची शक्यता तेवढी असली तरी हिशेब जुळतो, आणि सेटसमोरसुद्धा ती 30 च्या आसपास आहे. टर्नला, म्हणजे पटावरच्या चौथ्या पत्त्याला, पुन्हा खिशात हात घालावा लागेल हे खरं, पण फ्लश लागला तर समोरचाही घालेल. माझं मत कॉलकडेच झुकतं.

"सुरुवातीला जपून खेळ, बाहेर पडशील" असं बरेच जण सांगतात. हे कारण मला पटत नाही. पहिल्या तासात बक्षिसाचे पैसे इतके लांब असतात की दुप्पट झालेल्या चिप्सची किंमतही जवळपास दुप्पटच धरावी. शिवाय अनेक ठिकाणी या वेळात पुन्हा प्रवेश घेता येतो. सावधपणा लागतो तो स्टॅक खोल, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने मोठा आहे म्हणून. हाच हात ब्लाइंड 1,000-2,000 असताना, तीस हजारांवर आला, तर पॉटच्या दोन-तीन पटच उरलेलं असतं. तिथे काकांचं ऐकावं आणि टाकून मोकळं व्हावं.

(दृश्य: पत्ते बदलतात. बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी.)

आता फ्लॉप इस्पिकची नव्वी, बदामाची चौकी, बदामाची दुर्री. दिसायला तोच प्रकार: टॉप पेअर, फ्लशचा ड्रॉ, म्हणजे एका बदामाने अडलेला फ्लश. पण समोर बदामाचा एक्का-राजा असेल तर? आत्ता पुढे आपण आहोत, आणि बदाम आला की मागे. आनंद दोघांना होईल, पैसे एकालाच मिळतील. असा हात मी टॉप पेअर म्हणूनच खेळेन आणि पॉट लहान ठेवेन. बदामाचा एक्का आपल्याच हातात असला की ही भीती उरत नाही, कारण त्याहून मोठा फ्लश कोणाचा होणारच नाही.

(दृश्य: पहिल्या डावाकडे परत.)

कॉल झाला. टर्नला किलवरची नव्वी. समोरून 3,000. पुन्हा 27 टक्क्यांचाच हिशेब, पण यायचा पत्ता आता एकच. सेट असेल तर आपण 18 टक्क्यांवर घसरलो, कारण बदामाची नव्वी आली तर त्याचा फुल हाऊस, तीन अधिक दोन, होतो आणि तो फ्लशवर चढतो. राजांची जोडी असेल तर अजून 32 टक्के. तो नेमका काय घेऊन बसलाय यावर पडवीत दोन तट पडतात. एक जण पत्ते टाकायला तयार आहे. दुसरा म्हणतो, बदाम लागला तर हा पैसे देणार, एकदा बघू.

मीही बघेन. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, बदाम नाही, एक्का नाही, गुलाम नाही, आणि त्याने पुन्हा मोठी लावली, तर टॉप पेअर टाकता येते. पुढे 14,500 उरतात, म्हणजे सत्तरहून जास्त बिग ब्लाइंड.