दाढ काढल्यावर: पेजेपासून भाकरीपर्यंत

(दृश्य: चुलीवर टोप. उकड्या तांदळाची पेज रटरटते आहे. मागे पावसाचा आवाज.)

निवेदन:
कोकणात ताप आला की पेज, बाळंतिणीला पेज, लावणीला जायचं तरी न्याहारीला पेज. त्यामुळे घरातलं कुणी दाढ काढून आलं की आजी काही विचारत बसत नाही. टोप चुलीवर चढतो आणि हाक येते, "वायच पेज पी गो."

आजीचं बरोबरच आहे. पेज चावावी लागत नाही, पोटाला जड होत नाही, आणि दुखऱ्या तोंडाला मीठ घातलेल्या पेजेइतकं सोसवणारं दुसरं काही चटकन सुचतही नाही. पण ती किती गरम प्यायची, आणि पुढचे आठ दिवस तिच्या जोडीला काय द्यायचं, हे घरोघर राहून जातं. आज त्याबद्दलच बोलू.

(दृश्य: दवाखान्यातला जबड्याचा साचा. डॉक्टरांचं बोट खालच्या अक्कलदाढेवर.)

निवेदन:
दाढ निघाली की जबड्याच्या हाडात एक खड्डा उरतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं आणि तिथे गुठळी बसते. गुडघा फुटल्यावर धरते त्या खपलीचं काम ही गुठळी करते. तिच्या आडोशाने हिरडी भरून येते. वरची हिरडी मिटायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने.

गुठळी वेळेआधी निघाली तर खालचं हाड उघडं पडतं. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. दोन-तीन दिवस बरं वाटत असतं आणि अचानक ठणका सुरू होतो, थेट कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे जास्त घडतं, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी जास्त.

म्हणून पहिल्या दिवसांतलं सगळं खाणंपिणं या गुठळीला सांभाळून करायचं.

(दृश्य: किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर शहाळ्यांची गाडी. कोयत्याचा घाव. विक्रेता स्ट्रॉ पुढे करतो, गिऱ्हाईक मान हलवून ग्लास पुढे करतं.)

निवेदन:
शहाळं जरूर प्या, पण ग्लासात ओतून. स्ट्रॉने ओढताना तोंडात जी ओढ तयार होते, ती गुठळी उपटून काढू शकते. जोरात थुंकणं, खळखळून चूळ भरणं, विडीचा झुरका, या सगळ्यांनी तेच होतं. पहिले २४ तास चूळच भरायची नाही. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, घोट तोंडात घ्यायचा, मान हळूच इकडे-तिकडे कलवायची आणि पाणी आपोआप गळू द्यायचं.

आणि मिशेरी. आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना मिशेरी लावतात. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" आणि त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण मिशेरी त्यांच्या हिशेबी तंबाखूत धरलेलीच नसते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे. ताज्या जखमेवर ती बोटाने चोळणं म्हणजे जखम हाताने उकरणं. घरातल्या लेकीसुनांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं, न लाजता. निदान जखम भरेपर्यंत तरी ती डबी वर फळीवर ठेवून द्या. कायमची ठेवलीत तर फारच चांगलं.

(दृश्य: वाडग्यातल्या पेजेवर पंख्याचा वारा. पळीने वरची निवळ वेगळी काढली जाते.)

निवेदन:
आता पहिला दिवस. बधिरतेचं इंजेक्शन दोन ते चार तास टिकतं, कधी थोडं अधिक. तोवर खाऊ नका. ओठ आणि गाल आपलेच आहेत हे कळत नाही, दाताखाली येतात आणि फुटतात. भाजलं तरी समजत नाही.

बधिरता उतरली की गारसर काहीतरी घ्या: शहाळ्याचं पाणी, गोड ताक, कुस्करलेलं वेलची केळं. पेज पूर्ण निवू द्या. चुलीवरून उतरलेली वाफाळती पेज पहिल्या दिवशी नको, कारण उष्णतेने रक्त पुन्हा सुटू शकतं. आधी वरची निवळ द्या. उकड्या तांदळाचं शीत जाड असतं, ते थेट खड्ड्यात जाऊन बसतं. ते काडीने किंवा नखाने कोरून काढायचा मोह होतो, आणि नेमकं तेच करायचं नाही. संध्याकाळपर्यंत शीत हवंच असेल तर रवीने घोटून द्या.

पेजेबरोबरचं लोणचं आणि सुका बांगडा मात्र या दिवसांत ताटाबाहेर. मन मोडतं, हे खरं. पण तिखट आणि खार जखमेला झोंबतात, आणि सुक्या बांगड्याचा काटा टाक्यात अडकला तर पुन्हा दवाखाना.

(दृश्य: जात्याजवळ नाचणीचं पीठ. कढईत दूध, गूळ, पीठ ढवळणारा हात.)

निवेदन:
दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. तोंड दोन बोटंही उघडत नाही. इथेच बरेच जण चुकतात: आठवडाभर नुसत्या पेजेवर राहतात. पेजेत पाणी आणि थोडा स्टार्च, बाकी फारसं काही नाही. माणूस गळून जातो, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं मिळतच नाहीत.

मग आपल्या स्वयंपाकघराकडे नीट बघा. नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. फक्त सत्त्व करताना आपण चोथा गाळून टाकतो आणि त्या सालाबरोबर कॅल्शियमचा मोठा वाटाही जातो. त्यापेक्षा मोड आणून, वाळवून, अगदी बारीक दळलेलं पीठ दुधात किंवा ताकात शिजवा. मुगाची डाळ आहे. हिंग, हळद आणि तुपाची धार घातलेलं घोटलेलं वरण मऊ भातावर द्या. हा आसट, गुरगुट्या भात म्हणजे ज्या घरात जी रीत असेल तसा. वर चमचाभर मेतकूट घातलंत तर तोंडाला चव येते. अंडं चालत असेल तर मऊसर भुर्जी, मिरची न घालता.

मासे खाणाऱ्या घरात चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी विचारणारच. ओले बोंबील घ्या. शिजले की विरघळतात. हळद, मीठ आणि नारळाच्या रसातलं फिकं सार करा, मधला काटा आपल्या हाताने काढून मगच वाढा. पापलेटही चालेल. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, कोलंबी, कालवं थांबू देत, ती चावावी लागतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा अंडी आणि डाळच धरून चाला.

सोलकढीबद्दल खूप जण विचारतात. थंड आहे, पातळ आहे, मग का नको? आमसुलाचा आंबटपणा, लसूण आणि हिरवी मिरची उघड्या जखमेला सोसत नाहीत. पाच-सहा दिवस थांबा. तोवर नुसता नारळाचा रस गूळ घालून घ्या. वैशाखात दाढ काढली असेल तर आमरस आहेच, रेषा गाळून घेतलेला. बरका फणस दिसायला मऊ, पण त्याचे तंतू दातांत अडकतात, त्यामुळे तोही जरा पुढे ढकला.

मधुमेह असेल तर पेज, केळं, आमरस यांनी साखर झपाट्याने वर जाते आणि वाढलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो. अशा माणसाला वरण, ताक, अंडं, मासा आधी, पेज थोडी. आणि खाता येत नाही म्हणून मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

(दृश्य: औषधांच्या दुकानातला कागदी लखोटा, त्यावर पेनने काढलेल्या खुणा.)

निवेदन:
वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी नको. आधी वाटीभर काहीतरी पोटात जाऊ द्या. काही प्रतिजैविकं दुधाबरोबर नीट शोषली जात नाहीत, म्हणून गोळी घेतानाच विचारून ठेवा. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू वर्ज्य, माडीसुद्धा.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, रक्त थांबेना, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण वाटली, तर लवंगेचं तेल लावून सकाळची वाट बघत बसू नका. गावातून तालुक्याला जायला वेळ लागतो, तो हिशेब धरून लवकर निघा.

(दृश्य: तव्यावर घावन. बाजूला नारळाचा रस. मग परातीत थापली जाणारी तांदळाची भाकरी.)

निवेदन:
आठवडा उलटला, टाके निघाले किंवा विरघळले, की घावन करा. रसात बुडवून, दुसऱ्या बाजूने चावत. शिरवाळेही याच दिवसांत चालतील. मग भाकरी, आधी आमटीत कुस्करून, पुढे तुकडा मोडून. भाजलेले काजू, कुरमुरे, चकली सगळ्यात शेवटी, आणि तेही डॉक्टरांनी खड्डा एकदा बघितल्यावर.