मालिका ऐकणारी मावशी

नमस्कार मंडळी. दिवेलागणीची वेळ आहे. कुणी कणीक मळत असेल, कुणी लसूण सोलत असेल. सोला, सोला. हातातलं काम सोडू नका, आज बोलायचंय ते त्या कामामुळेच.

विषय मराठी मालिकांचा. माझं म्हणणं एवढंच, की मालिका कुणी बघत नाही. मालिका लोक ऐकतात. हे मला कळलं ते माझ्या इस्लामपूरच्या मावशीमुळे.

गोष्ट २००७ च्या आसपासची. भारनियमनाचे दिवस. कुठल्या गावाची लाईट किती वाजता जाणार, हे शेंबड्या पोरालाही पाठ असायचं. मावशीकडे नेमकी मालिकेच्या वेळेला जायची. तिची जाऊ कोल्हापूरला, तिच्याकडे त्या वेळी लाईट असायची. आता लँडलाइनचं एक बरं होतं, तिला वीज एक्स्चेंजकडून यायची, घरात अंधार असला तरी फोन चालू. मावशीने डोकं लढवलं. मालिकेच्या ठोक्याला कोल्हापूरला फोन लावायचा. जाऊबाईंनी रिसीव्हर टीव्हीवर ठेवायचा. तेव्हाचे टीव्ही चांगले पेटीएवढे, डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्या रुमालावर रिसीव्हर. आणि इकडे मावशी, कंदिलाच्या उजेडात, फोन कानाला लावून पाटावर बसलेली. अर्धा तास. रोज.

मालिका संपली की जाऊबाई पदराला हात पुसत यायच्या, रिसीव्हर उचलायच्या आणि विचारायच्या, "काय झालं गं आज?"

ऐकलंत ना? टीव्ही कोल्हापूरला, लाईट कोल्हापूरला, आणि मालिकेत काय झालं ते सांगतंय इस्लामपूर! कारण जाऊबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. तव्याच्या आवाजात त्यांचं एखादं वाक्य सुटायचं. मावशीचं एकही सुटत नव्हतं.

एकदा मात्र घोटाळा झाला. भर मालिकेत आवाजच बंद. ना संवाद, ना संगीत. नायक नायिकेकडे नुसता बघत उभा होता, पण ते इस्लामपुरात कसं दिसणार? मावशीला वाटलं लाईन कटली. ती ओरडायला लागली, "हॅलो! हॅलो!" तेवढ्यात तिकडे एकदम मृदंग, नगारा, विजांचा कडकडाट. समोर जाऊबाईंचे यजमान आमटी-भात जेवत बसलेले. टीव्हीच्या डोक्यावरून बारीक आवाजात प्रश्न आला, "अवो भावजी, कोण गेलं?" त्यांच्या हातातला घास ताटात पडला. पुढं दोन महिन्यांनी फोनचं बिल आलं, तेव्हा आमच्या काकांचा चेहराही मालिकेतल्यासारखाच तीन बाजूंनी बघावा लागला. तिन्ही बाजूंनी सारखाच होता.

तर, मालिका ऐकतात. म्हणून तर त्यातली माणसं एकटी असली तरी मोठ्यांदा विचार करतात. "आता बघच, या घरातून तुला कशी बाहेर काढते ते!" हे कुणाला सांगते ती बाई? फोडणी घालणाऱ्या बाईला. कट शिजला की ढँण आवाज, म्हणजे आत कुकर लावणारीला कळावं की बाहेर काहीतरी घडलं. कालचं आज पुन्हा सांगतात, कारण काल नेमक्या त्या वेळी शिट्टी झाली होती. अर्ध्या तासाच्या वेळात जेमतेम बावीसेक मिनिटांची मालिका, ती रोज द्यायची. दिवाणखान्यात चार माणसं उभी करून बोलायला लावलं की भाग निघतो. बैलगाडी, पाऊस, जत्रा, याला दिवस जातात आणि पैसे जातात. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, ३,००० हून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांचा आवाज भाकऱ्या थापता थापताही ओळखू यायचा, हे त्यामागचं अर्धं कारण, असं माझं आपलं मत.

आवाजावरून आठवलं. हल्ली दाराच्या बेलला गायत्री मंत्र लावतात. दूधवाला आला की मंत्र, कुरिअर आलं की मंत्र, आणि आपण अर्ध्यात दार उघडून तो तोडतो. अहो, ट्रिंग ट्रिंग काय वाईट होतं?

असो. मधे 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे चित्रित झाली, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे. खरं शेत, खरी वाट, खरी धूळ दिसली. मी म्हटलं, आता मावशी मान वर करून बघेल. पहिले आठ-दहा दिवस बघितलंही तिने. "रान बरं दाखवलंय," म्हणाली. मग ती पात्रं घरात शिरली, आणि मावशी स्वयंपाकघरात.

माझी तक्रार मालिका ऐकायची असते ही नाही. रेडिओवाल्याने तसली तक्रार कुठल्या तोंडाने करावी? तक्रार ही, की ऐकायचीच आहे तर नीट लिहा. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, लिहिणारा माणूस पाण्याच्या तांब्याच्या आवाजात घर उभं करतो. इथं सासू नऊवारी शालूत झोपते, त्या शालूवर पैसे खर्च होतात, आणि वाक्य मात्र कालचंच. शालू कोण बघतंय?

परवा मावशीकडे गेलो होतो. आता भारनियमन नाही, लँडलाइनही नाही. नातवाने मोबाईल घेऊन दिलाय, त्यावर हव्या त्या वेळी मालिका लागते. ओट्यावर तिने तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. मी वाकून बघितलं. पडदा डब्याकडे होता.

"मावशी, उलटा ठेवलायस."

"असू दे," ती म्हणाली, "सरळ ठेवला की पीठ उडतंय त्याच्यावर."