गोळ्या फुकट आहेत ना, मग खर्च कसला?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट पन्नास वेळा, "दादा, एचआयव्हीच्या गोळ्या सरकार फुकट देतं, मग खर्चाचं रडगाणं कशाला?"

बेसिक पटकन उरकतो. 1 एप्रिल 2004 पासून एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या सरकारी केंद्रावर, गोळ्या मोफत. आता सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्ती किती आहे ते सांगणारी टेस्ट, तीही मोफत, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते सांगणारी टेस्ट, तीही मोफत. 2017 पासून तर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडीफोर कितीही असो, गोळ्या चालू. गोळ्या फुकट व्हायच्या आधी, सुरुवातीला बाहेरच्या कंपन्यांचा भाव वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर होता, आणि 2001 मध्ये आपल्या सिप्ला या औषध कंपनीने वर्षाला 350 डॉलरची ऑफर दिली तेव्हा खळबळ उडाली. झालं बेसिक.

आता माझं डोकं कुठे फिरतं ते ऐका. गोळी फुकट, पण गोळीपर्यंत जाणं फुकट नाही हो! माझ्या ओळखीतली एक ताई शेतमजुरी करते, सेंटरला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, लाइन, परत येईपर्यंत संध्याकाळ, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, वर भाडं, वर पोराला कुणाकडे तरी ठेवायचं.

बरं, तालुक्याला लिंक सेंटर, म्हणजे एआरटी सेंटरला जोडलेलं गोळ्या द्यायचं छोटं केंद्र, आहे की! तिथे का जात नाही? कारण तिथे गावातलं कुणीतरी भेटतंच, म्हणून ती मुद्दाम लांबच्या जिल्ह्यात जाते. म्हणजे लपवायचेही पैसे पडतात. कमेंटवाल्या भाऊ, हा खर्च कुठल्या पावतीवर दाखवू?

आणि एचआयव्हीच्या गोळ्या फुकट म्हणजे आजारपण फुकट असं नाही. ताईच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन एका प्रायव्हेट हॉस्पिटलात झालं, पॉझिटिव्ह म्हटल्यावर बिलात "स्पेशल किट"चे वेगळे पैसे! भेदभाव करायचा नाही असा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, पण पेशंट टेबलावर असताना कायदा कोण काढतो? मी असतो तर मीही गपचूप भरले असते.

"संजय गांधी निराधारचं सांगा" म्हणणाऱ्यांनो, हो, त्यात एचआयव्हीवाले बसतात, पण कागदपत्रं जमवताना तलाठ्यापासून सगळ्यांना आजार सांगायचा. एसटीत पण सवलत आहे. ताईला म्हटलं घे की कार्ड. म्हणाली, "कंडक्टर आमच्याच गावचा आहे. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच, तेवढंच काढते."