आधी काटा, मग सामान

श्रोतेहो, नमस्कार.

आडवाटेची भटकंती आणि मुक्काम करायला घेतलेली पिकअप घरी आली की पावलं ॲक्सेसरीच्या दुकानाकडे वळतात. ती आधी वजनकाट्याकडे वळवा. ज्या काट्यावर उसाच्या नि वाळूच्या गाड्या तोलतात, तोच काटा चालेल. टाकी भरून न्या. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही आकडे लिहून ठेवा. आरसी बुकात गाडीचं भरल्या मापाचं कमाल वजन असतं, त्यातून काट्यावरचं वजन वजा केलं की उरतो तो आपला वाटा. त्यात माणसंही आली.

आता सामान मोजू. हौद्यावरची फायबरची कॅनपी, म्हणजे टपासारखं झाकण, ५५ किलो. लोखंडी रॅक आणि छतावरचा तंबू मिळून ९०. प्लायवूडचे खण ६०. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. जादा बॅटरी पेटीसकट ३०. शेगडी, भांडी, शिधा ४०. दोर, जॅक, हत्यारं ३५. अंथरूण, खुर्च्या, कपडे ३५. बेरीज ३८५ किलो, आणि अजून गाडीत कोणी बसलेलं नाही. खासगी नोंदणीच्या काही डबल कॅब पिकअपची लेखी क्षमता याच्याही खाली असते. म्हणून आमचं स्पष्ट मत असं, की छतावरचा तंबू सोडा. तो जड आहे आणि तेही सगळ्यात उंचावर. घाटाच्या वळणावर गाडी कलते तेव्हा ते वजन जाणवतं.

वजन किती, याइतकंच ते कुठे ठेवलं हेही महत्त्वाचं. समजा, पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर ३.१ मीटर आहे आणि मागच्या आसाच्या एक मीटर मागे, हौद्याच्या मागच्या झडपेजवळ, म्हणजे फाळक्याजवळ, तुम्ही १०० किलो ठेवले. मागच्या आसावर १०० नाही, १३२ किलो वाढतात, आणि पुढच्या आसावरून ३२ किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि पुढचे ब्रेक पुरते पकडत नाहीत. जास्त वजन, खड्ड्यांचा रस्ता आणि मागे सस्पेन्शनला आधार म्हणून बसवलेल्या, जोराने भरलेल्या हवेच्या पिशव्या असं एकत्र आलं, तर केबिनच्या मागे चासी वाकल्याचे प्रकार जगभर झालेले आहेत. पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारांची पेटी हे सगळं केबिनच्या भिंतीला टेकवून, तळाशी, रॅचेट पट्ट्याने आवळून ठेवा. फाळक्याकडे फक्त अंथरूण आणि खुर्च्या.

मागे गाडी बसते म्हणून लगेच स्प्रिंगला जादा पाटा टाकून घेऊ नका. पाटा कायमच्या ओझ्यासाठी असतो. महिन्यातून दोनच दिवस सामान भरणार असाल, तर उरलेले अठ्ठावीस दिवस मोकळी गाडी खड्ड्यावर उडत राहील आणि ओल्या रस्त्यावर मागून सरकेल. पाटा टाकलाच, तर पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले पडतात. आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. बोल्ट काढून उतरवता येईल अशीच मांडणी करा आणि मोठ्या बदलाआधी आरटीओत विचारा.

झोपायचं हौद्यातच. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो, म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस त्यात सरळ मावत नाही. पण चाकांच्या उंचवट्याच्या वर फळी टाकली, की दीड बाय दीड मीटरचा चौक मिळतो. त्याचा कर्ण २.१ मीटर भरतो. एकटा माणूस तिरका आरामात झोपतो. दोघं असाल तर फाळका उघडा ठेवून त्याच्यापर्यंत फळी वाढवा आणि वरून ताडपत्री ओढा. फळी १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायची पुरे, चौरस मीटरला ८ किलो भरते. खाली २५ मिलिमीटरच्या चौकोनी ॲल्युमिनियम पाइपची चौकट. फळीचे तीन तुकडे करा, म्हणजे खालचा डबा काढायला सगळं अंथरूण उचलावं लागत नाही.

फुफाट्याचं काय? चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. फाळक्याच्या तिन्ही कडांना दाराचं पोकळ रबर लावा. मग कॅनपीच्या पुढच्या बाजूला, जिथे वारा सरळ येतो, तिथे जाळीची खिडकी ठेवा. आत किंचित दाब तयार होतो आणि धूळ बाहेरच राहते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर हौद्याच्या तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर उघडणारं भोक हवं. आणि बंद कॅनपीत शेगडी किंवा कोळसा, थंडी कितीही असो, पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

आता टायर. ऑल टेरेन टायर बहुतेकांना पुरतात. पण हवा न उतरवता कुठलाही टायर अर्धंच काम करतो. डांबरावर ३५ पीएसआय असेल, तर दगडी कच्च्या रस्त्यावर २६ वर आणा. टायर दगडावर दबतो आणि गाडी कमी आपटते. मऊ वाळूत १८. टायर लांब पसरतो, म्हणून वाळूवर तरंगतो. १५ च्या खाली जाल तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. १८ वर असताना वेग ताशी तीसच्या आत ठेवा. हवा भरण्याचा पंप थेट बॅटरीला जोडा, इंजिन चालू ठेवून. मोठा पंप ३० अँपिअर आणि वर खेचतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा, तो लगेच उडतो. टायरची बाजू फाटली तर पंक्चरच्या दोऱ्या कामाच्या नाहीत, म्हणून स्टेपनी पूर्ण मापाची हवी.

देशावरच्या काळ्या जमिनीत मात्र हे सगळं गणित बदलतं. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते. चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग मडगार्ड भरतं आणि चाक अडतं. इथे हवा उतरवून फारसा फरक पडत नाही. पाऊस थांबल्यावर ऊन पडून वरचा थर सुकेपर्यंत थांबणं, हाच उपाय. गाडीत एक खुरपं ठेवा. चाकातली माती काढायला त्याच्याइतकं सोयीचं हत्यार नाही.

रुतलेली गाडी ओढताना माणसं दगावतात, म्हणून इथे नीट ऐका. टोचन करायच्या बॉलला दोर कधीही अडकवू नका. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. पुढच्या बाजूला दिसणाऱ्या बारीक कड्याही गाडी ट्रेलरवर बांधण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाही. चासीला बोल्ट केलेला, वजनाचा आकडा कोरलेला हूक हवा, दोर अडकवायला ४.७५ टनांचं शॅकल, म्हणजे पिनची लोखंडी कडी, हवं. दोर विणलेल्या नायलॉनचा घ्या. ताणला की पाचवा हिस्सा किंवा जास्त लांबतो आणि झटका न बसता गाडी निघते. दोरावर मधोमध ओली गोणी टाका. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीच्या पलीकडे उभं करा. आणि त्याही आधी फावड्याने चाकापुढची माती काढा. पंधरा मिनिटं फावडं मारलं, तर कित्येकदा दोराची गरजच पडत नाही.

ओढा ओलांडायच्या आधी काठी घेऊन चालत जा. माणसाचे पाय ओढले जातात तिथे गाडी घालायची नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तरी आधी दहा मिनिटं थांबा. तापलेलं डिफरन्शियल, म्हणजे आसावरची गिअरची पेटी, गार पाण्यात बुडलं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, पाणी आत खेचलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर न्या. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. घरी आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्याच दिवशी बदला.

मुक्काम कुठे करायचा? कोरड्या नाल्याच्या पात्रात नको, वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, तर चाक घालूच नका. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण त्याच जातीचे लहानमोठे सडे कोकणात आणि घाटमाथ्यावर पुष्कळ आहेत. जांभ्यावर मातीचा थर बोटभर. त्यातच सीतेची आसवं आणि दवबिंदू या रानवनस्पती उगवतात. ओल्या सड्यावरून एकदा टायर गेला की तेवढा पट्टा जांभ्यापर्यंत खरवडला जातो आणि पुढच्या पावसात उरलेली मातीही वाहून जाते. गाडी वाटेवरच्या मुरमाच्या जागी लावा, गावात पोलीस पाटलांना सांगा, वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्या. सकाळी निघताना चूल विझवून राख गार झाली का, ते हाताने चाचपून बघा. डांबर लागलं की फोर बाय फोर काढा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आवळते. आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, चारही टायर पुन्हा ३५ वर आणा.