कोणती लेन्स घालू, डॉक्टर?

(ठाण्यात नौपाडा येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर एका नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. तपासणीच्या खुर्चीत बसल्या बसल्या बहुतेकजण मला विचारतात, ‘पिकलाय का मोतीबिंदू?’ हा प्रश्न आपल्या आईवडिलांच्या काळातला आहे. तेव्हा मोठा छेद घेऊन, टाके घालून शस्त्रक्रिया व्हायची, म्हणून डॉक्टरच थांबायला सांगत. आज जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आम्ही डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग, म्हणजेच मोतीबिंदू, ध्वनिलहरींनी फोडतो आणि शोषून घेतो. भिंग जितकं कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाच्या, आतल्या पेशींना तितका मार जास्त बसतो. फार पिकलेलं भिंग फुगलं तर डोळ्यातला दाब वाढून भयंकर दुखतं. तेव्हा पिकायची वाट पाहू नका.

पण कागदावर ‘सुरुवातीचा मोतीबिंदू’ असं आलं की लगेच तारीख घ्यायची, हेही मला पटत नाही. तुमचं कुठे अडतंय ते आधी बघा. रात्री घोडबंदर रोडला समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत पसरतात का? स्टेशनवरचा इंडिकेटर शेजारच्याकडून वाचून घ्यावा लागतो का? जिन्याची शेवटची पायरी चुकते का? चष्म्याचा नंबर बदलूनही भागत नसेल तर करून घ्या. मधुमेह असेल आणि मोतीबिंदूआडून आम्हाला तुमच्या डोळ्यामागचा पडदाच (रेटिना) तपासता येत नसेल, तरीही करा. आणि सत्तरीत कुणाचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला, तर आनंद जरूर करा, पण डोळे तपासून घ्या. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याला मायनस नंबर येतो, म्हणून जवळचं दिसू लागतं.

आता लेन्स, म्हणजे काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायचं कृत्रिम भिंग. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्लास्टिकचे, कण घुसले. पण डोळ्याने ते निमूट सहन केले. हे हेरून हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिली लेन्स डोळ्यात बसवली. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्तात लेन्स बनवायला सुरुवात केली, म्हणून सामान्य माणसाला ती परवडू लागली.

काउंटरवर तुम्हाला दरांचा तक्ता दाखवतात, आणि मुलं म्हणतात, ‘बाबांना सगळ्यात भारीतली घाला.’ त्यांची माया मला कळते. पण महाग लेन्स प्रत्येकाला चांगली असं नसतं. मोनोफोकल एकाच अंतराला स्वच्छ दाखवते, बाकीच्याला चष्मा. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल येणारा प्रकाश दूर, मध्ये, जवळ असा वाटून देते. चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात फिकट-गडद यांतला फरक कमी जाणवतो. रात्री गाडी चालवणाऱ्याने याचा दहादा विचार करावा. पडद्याचा किंवा काचबिंदूचा आजार असेल तर मी सहसा ती नकोच म्हणतो. ईडॉफ, म्हणजे फोकसचा पल्ला लांबवलेल्या, लेन्सने दूरचं आणि ओट्यावरचं, संगणकावरचं काम होतं. बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो. नंबरात सिलिंडर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर, बऱ्यापैकी असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स घ्या. तिथे जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात.

माझ्याकडे एक शिंपीकाका आले होते. जन्मभर मायनस तीनचा चष्मा. दुकानात आले की चष्मा कपाळावर, आणि उघड्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवायचे, काजं करायची. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, ‘लेन्स घाला, लांबचं बिनचष्म्याचं दिसेल.’ खरं होतं ते. पण दूरचा नंबर शून्यावर आणला असता तर चाळीस वर्षं जे काम बिनचष्म्याचं होत होतं, त्याच कामाला चष्मा चिकटला असता. आम्ही साधी मोनोफोकलच घातली, पण मोजमाप करताना मुद्दाम मायनस अडीच ठेवला, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरवर स्वच्छ. रस्त्यावर चष्मा, मशीनवर मोकळे डोळे. ही सोय कुठल्याच दरपत्रकात नसते. ती बोलण्यातून निघते. म्हणून डॉक्टरांना आपला दिवस सांगा: पोथी किती वेळ वाचता, मोबाइल किती, रात्री बाहेर पडता का. त्यांनी ऐकून घेतलं नाही तर दुसरीकडे विचारा. मोतीबिंदू सहसा तेवढी सवड देतो.

मेडिक्लेम असेल तर मोतीबिंदूची प्रतीक्षा मुदत आणि लेन्सची मर्यादा आधी वाचा.

शेवटचं, पुरुष मंडळींसाठी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी अनेकजण घेतात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ते सांगायचा संकोच करतात. या गोळीने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, बाहुली मध्येच आवळते. गोळी थांबवली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून मनाने बंद करू नका. आधी कळलं तर आम्ही त्या तयारीने उभे राहतो. तपासणीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा.